पणतीचे चार पास आणि आईची स्थळप्रत

व्हिज्ला जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेतोय, असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "विझला? अगं, घरात येणाऱ्या जिवाला असं म्हणतात का?" शब्द हंगेरियन आहे, त्यांचा उच्चार वेगळा आहे, हे सगळं सांगून झालं, पण तिच्या मनातून काही जाईना. म्हणून पिल्लाचं नाव आम्ही पणती ठेवलं. १४ मे २०२२ ला, नऊ आठवड्यांची असताना, पणती अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या आमच्या घरी आली.

जवळजवळ तीन वर्षांनी, ५ एप्रिल २०२५ ला, आमच्या प्रादेशिक व्हिज्ला क्लबच्या वार्षिक पुरस्कारांच्या यादीत तिचं नाव होतं. पुरस्कार छोटाच आहे, त्या वर्षी क्लबमधल्या बऱ्याच कुत्र्यांना तो मिळाला. पण तिथवर पोचताना मी जितकी गोंधळले तितकी इथे घर घेतानाही गोंधळले नव्हते. क्लबची पुरस्कारांची नियमावली अकरा पानांची आहे आणि वाचणाऱ्याला सगळं आधीपासून ठाऊक आहे असं धरून ती लिहिलेली आहे. आपल्यापैकी कुणी शिकारी जातीचा कुत्रा घेतला आणि या वाटेला लागलं, तर हाताशी काहीतरी असावं म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते.

शिकारी कुत्रा म्हटलं की झेप घेऊन फाडणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. माझ्याही आला होता. पण व्हिज्ला हा पक्ष्यांच्या शिकारीतला पॉइंटिंग कुत्रा, आणि त्याचं कसब नेमकं उलटं आहे. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की त्याने जागच्या जागी थिजायचं. नाक पक्ष्याच्या दिशेने, शेपूट ताठ, बहुतेक वेळा पुढचा एक पाय उचललेला. माणूस जवळ येईपर्यंत हलायचं नाही. पणतीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा ती पाच महिन्यांचीही नव्हती. अंगणात एक रॉबिन उतरला होता. तिला कुणीही काहीही शिकवलेलं नव्हतं. मी खिडकीतून बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जवळजवळ नामशेष व्हायला आली होती, अमेरिकेत पहिला व्हिज्ला १९५० साली आला आणि १९६० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली, हे सगळं मी नंतर वाचलं. माझ्यासाठी सुरुवात त्या अंगणातच झाली.

आता जो घोळ मला सोडवायला वर्ष लागलं तो आधी सांगते. पदवी आणि पुरस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी देतो अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे इथले लोक ज्याला एकेसी म्हणतात तो. ती कुत्र्याच्या नावाला कायमची चिकटते. पुरस्कार देतो जातीचा क्लब, राष्ट्रीय किंवा प्रादेशिक, आपल्या सभासदांना, त्या त्या वर्षाच्या कामगिरीसाठी. एकेसीने पदवी दिली म्हणून क्लबचा पुरस्कार आपोआप येत नाही. आपणच अर्ज करायचा, पुरावे जोडायचे, मुदत पाळायची. आमच्या नियमावलीच्या पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरांत आहे आणि तरीही दरवर्षी काहीजण वाट बघत बसतात. मीही तशीच बसले असते.

पणतीची मालकी पहिल्या दिवसापासून दोघींची होती, माझी आणि तिच्या ब्रीडरची, म्हणजे जिच्याकडे ती जन्मली तिची. ब्रीडर बाई शेजारच्या राज्यात राहतात. पणतीला डॉग शोमध्ये उतरवायची त्यांची इच्छा होती, म्हणून करारात संयुक्त मालकी. शोच्या मुख्य स्पर्धेत नसबंदी केलेला कुत्रा चालत नाही, त्यामुळे पणतीचं ऑपरेशन करायचं नाही, हेही करारातच होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून मी सही केली आणि विसरून गेले. या दोन्ही कलमांनी पुढे मला गाठलं.

ब्रीडर बाईंनीच मला हंटिंग टेस्टबद्दल सांगितलं. ही स्पर्धा नाही, चाचणी आहे. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या पातळीला कुत्रा उतरला की पास, नाही तर नापास. पॉइंटिंग जातींसाठी तीन पायऱ्या आहेत: ज्युनियर, सीनियर, मास्टर. ज्युनियर हंटर पदवीसाठी चार वेगवेगळ्या चाचण्यांत पास व्हावं लागतं. चार गोष्टींना गुण असतात: शोध घेण्याची ओढ, पक्षी सापडणं, पॉइंट म्हणजे ते थिजून उभं राहणं, आणि सांगितलेलं ऐकणं. प्रत्येकात दहापैकी किमान ५ हवेत आणि सगळ्यांची सरासरी किमान ७. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. मी वाचलं होतं, पण समजलं नव्हतं.

२०२३ चा उन्हाळा सरावात गेला. 'व्होआ' म्हणजे थांब, हा एक शब्द आम्ही महिनाभर घोटला. मग लांब दोरी बांधून मैदानात. मग पिस्तूल. ज्युनियरमध्ये पक्षी उडाला की कुत्र्याच्या माणसाने कोऱ्या काडतुसाचं पिस्तूल झाडायचं असतं. पक्ष्याला काही होत नाही, फक्त आवाज. पण कुत्रा आवाजाला बिचकला तर सगळंच संपतं, आणि एकदा बसलेली भीती काढणं फार अवघड असतं. म्हणून सुरुवात खूप लांबून केली, पणती पक्ष्याच्या वासात पार बुडालेली असताना, नवरा दीडशे पावलांवर उभा राहून. दर खेपेला थोडं जवळ. घाई करू नका, एवढंच सांगेन. पिस्तूल क्लबमधल्या एकांनी उसनं दिलं. सरावासाठी पाळलेले लावे आम्ही आठ डॉलरला एक असे घेतले, उन्हाळाभरात चोवीस. म्हणजे १९२ डॉलर. चाचणीतही बहुधा लावे किंवा चुकर असतात. चुकर म्हणजे आपला चकोर. ओव्यांमध्ये चांदणं पिणारा चकोर मला पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला तो विस्कॉन्सिनच्या गवतात, आणि ते कळायलाही मला शब्दकोश उघडावा लागला.

पहिली चाचणी १६ सप्टेंबर २०२३, शनिवार, बाँग स्टेट रिक्रिएशन एरियात. १९५०च्या दशकात तिथे लढाऊ विमानांचा तळ व्हायचा होता. काँक्रीट पडायला जेमतेम तीन दिवस उरले असताना बेत रद्द झाला, आणि आज तिथे गवत, तळी आणि कुत्रे आहेत. एन्ट्री फी ८० डॉलर. सकाळी सहाला पोचलो. थंडी, गाड्यांच्या मागे पिंजऱ्यांतून कुत्र्यांची कुईकुई, आणि सगळ्यांना सगळं माहीत असल्यासारखे चेहरे. दोन कुत्रे एकदम सोडतात, त्या जोडीला ब्रेस म्हणतात. मागे दोन परीक्षक असतात.

पणती सुसाट सुटली. पक्षी शोधला, पण थांबली नाही, सरळ उडवला आणि पाठीमागे धावली. एकदाच क्षणभर अडखळल्यासारखी उभी राहिली. गुण आले ८, ७, ३, ६. पॉइंटला तीन. गाडीत बसून मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. कुत्रीचं काही चुकलं नव्हतं. मीच तिला सकाळभर पिंजऱ्यात ठेवून थेट मैदानात सोडलं होतं.

रविवारी त्याच जागी दुसरी चाचणी होती. ती वेगळी धरतात, म्हणून बरेचजण दोन्ही दिवसांची एन्ट्री भरतात, आणि प्रवासाचा खर्च बघता तेच बरं. या खेपेस मी तिला आधी अर्धा तास दोरीवर चालवलं. एका झुडपापाशी ती थिजली आणि मी पोचेपर्यंत हलली नाही. ८, ७, ७, ६. बेरीज २८, सरासरी बरोबर ७. पहिला पास. घरी येताना ती मागच्या सीटवर झोपली होती आणि मी दर पाच मिनिटांनी वळून बघत होते.

हिवाळ्यात इथे चाचण्या थांबतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी प्रादेशिक क्लबची सभासद झाले, कुटुंबासाठी वर्षाचे ४० डॉलर. तेव्हा पुरस्कार वगैरे डोक्यात नव्हतं, सरावाला सोबत हवी होती. एक लक्षात ठेवा: आमच्या क्लबमध्ये पदवी पूर्ण होते त्या दिवशी तुम्ही सभासद असणं आवश्यक आहे. नंतर सभासद होऊन मागचं मागता येत नाही.

२० एप्रिलला दुसरा पास. २१ एप्रिलला ८, ८, ६, ५. कुठेही पाचाच्या खाली नाही, मी टाळ्या वाजवायच्या बेतात. बेरीज २७. सरासरी पावणेसात. नापास. त्या 'आणि सरासरी ७' चा अर्थ मला त्या क्षणी कळला.

रात्री आईला फोन केला. आई साताऱ्याच्या कोषागारात ३१ वर्षं नोकरीला होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गुणांचा कागद तुझ्याकडे आहे का?" नव्हता. फलकावर वाचले होते, तेवढेच. "आणि तू पाठवलेल्या अर्जाची स्थळप्रत?" तीही नव्हती. "अगं, पदवी त्या कागदांवर मिळणार ना? मग आपल्याकडे एक प्रत नको?" त्या रात्रीपासून मी प्रत्येक एन्ट्री फॉर्म पाठवण्यापूर्वी फोनमध्ये त्याचा फोटो काढायला लागले. चाचणी झाली की फलकाचा फोटो, परीक्षकांनी दिलेल्या गुणपत्रिकेचा फोटो, आणि एका वहीत तारीख, ठिकाण, चाचणी घेणारा क्लब, गुण.

मे महिन्यातल्या चाचणीला आम्ही जाऊच शकलो नाही. एन्ट्री भरली, मोटेल घेतलं आणि आठवडाभर आधी पणती माजावर आली. त्या चाचणीच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं की माजावरची कुत्री चालणार नाही. पशुवैद्याचा दाखला वेळेत पाठवल्यामुळे फी परत मिळाली, मोटेलचे ९४ डॉलर गेले. करारातलं ऑपरेशन न करण्याचं कलम असं समोर आलं. कुत्री असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर वर्षाचं वेळापत्रक आखताना माजाचा सहा-सात महिन्यांचा हिशोब मांडून बघा, आणि फी परत मिळण्याची मुदत संपेपर्यंत मोटेलचे पैसे भरू नका.

२१ सप्टेंबरला तिसरा पास. १२ ऑक्टोबर २०२४ ला चौथा. त्या दिवशी गवत पिवळं पडलं होतं, वारा समोरून होता, आणि पणतीने साधारण पंधरा पावलांवरून पक्षी धरला. धरला म्हणजे वासाने धरला. मी चालत तिच्याकडे जात होते तेव्हा तिच्या मांडीचा स्नायू थरथरताना दिसत होता, पण पाय हलले नाहीत. पक्षी उडाला, मी पिस्तूल झाडलं, ती दोन उड्या मारून थांबली आणि माझ्याकडे बघितलं. गुण मला आठवत नाहीत. वहीत आहेत.

आता फक्त वाट बघायची, असं वाटलं होतं. चाचणी घेणारा क्लब निकाल एकेसीकडे पाठवतो, तिथे नोंद होते, चार पास झाले की पदवीचं प्रमाणपत्र टपालाने येतं. ४ नोव्हेंबरला मी ऑनलाइन नोंद बघितली. तीनच पास. दोन दिवस मी चाचणी घेणाऱ्यांना मनातल्या मनात दोष दिला. सप्टेंबरच्या चाचणीच्या सचिवांना विचारलं, त्यांनी लगेच उत्तर दिलं की निकाल गेलेला आहे, आमच्या यादीत पणती पास आहे. ६ नोव्हेंबरच्या रात्री मी फोनमधला एन्ट्री फॉर्मचा फोटो उघडला आणि शेजारी नोंदणीचं प्रमाणपत्र ठेवलं. नोंदणी क्रमांकातले दोन आकडे मीच उलटसुलट लिहिले होते. ७४ च्या जागी ४७. पणतीचा पास तिच्या नावावर चढलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एकेसीला ईमेल केलं: झालेली चूक एका वाक्यात, बरोबर क्रमांक, चाचणीची तारीख, एन्ट्रीची प्रत, फलकाचा फोटो. १२ नोव्हेंबरला उत्तर आलं, नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही पाठवा. पाठवली. २५ नोव्हेंबरला नोंद दुरुस्त झाली आणि १३ डिसेंबरला प्रमाणपत्र दारात आलं. एन्ट्रीची प्रत नसती तर चूक कुठे आहे हे शोधायलाच डिसेंबर उजाडला असता. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत उपयोगी सूचना हीच: नोंदणी क्रमांक आठवणीतून लिहू नका, प्रमाणपत्र समोर ठेवून लिहा, आणि दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या.

प्रमाणपत्र हातात आलं आणि मी पहिल्यांदा पुरस्कारांची अकरा पानं शांतपणे वाचली. पुरस्कार दोन प्रकारचे असतात म्हणा. एक पदव्यांचे: त्या वर्षात ज्याने पदवी मिळवली त्या प्रत्येक कुत्र्याला. दुसरे चढाओढीचे: वर्षातला सर्वोत्तम फील्ड ट्रायल कुत्रा, सर्वोत्तम शो कुत्रा वगैरे, ज्यात गुण मोजून एकच निवडतात. फील्ड ट्रायल ही खरी स्पर्धा, तिथे नंबर असतात, आणि आमच्या क्लबमध्ये तिथल्या नंबरावर मागे टाकलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक गुण धरतात. बारा कुत्रे धावले आणि तुमचा पहिला आला तर अकरा गुण. हंटिंग टेस्टचे कितीही पास असले तरी या मोजणीत त्यांचा एकही गुण नसतो, कारण तिथे कुणाला मागे टाकलेलंच नसतं. सुरुवातीला मला हे अन्यायाचं वाटलं. नंतर पटलं. दोन्हींची मापं वेगळी आहेत, ती मिसळली तर दोन्ही खोटी पडतील.

वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. पदवीचे पास दोन वर्षांत विखुरलेले असले तरी चालतात, शेवटचा पास ज्या वर्षात पडला ते वर्ष धरतात, आणि प्रमाणपत्र छापल्याची तारीख बघत नाहीत. माझा पहिला पास २०२३ चा होता म्हणून मी उगीच धास्तावले होते. अर्ज ३१ जानेवारीपर्यंत समितीकडे पोचलेला हवा. टपालाचा शिक्का त्या तारखेचा असून भागत नाही. हा फरक किती जणांना नडला असेल.

आणि मग चौथं कलम. पुरस्कार फक्त सभासद मालकाच्या नावे दिला जाईल. संयुक्त मालकी असेल आणि एक मालक पदवीच्या दिवशी सभासद नसेल, तर पुरस्काराच्या पाटीवर मालक म्हणून त्याचं नाव येणार नाही. ब्रीडर बाई आमच्या क्लबच्या जुन्या सभासद. पण त्यांच्या नवऱ्याचं मोठं आजारपण त्या उन्हाळ्यात झालं आणि वर्गणी भरायची राहून गेली होती. सभासदत्व जुलैमध्ये संपलं, पदवी ऑक्टोबरमध्ये.

पणतीला जन्माला घालणाऱ्या त्या. रात्री दोनला उठून तिला बाटलीने दूध पाजणाऱ्या त्या, कारण आठ पिल्लांत ती सर्वांत लहान होती. मला व्होआ शिकवणाऱ्याही त्याच. पाटीवर त्यांचं नाव मालक म्हणून येणार नाही, हे त्यांना कसं सांगायचं, या विचारात मी तीन दिवस काढले. आधी पुरस्कार समितीच्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि हे सगळं काम विनामोबदला करतात. अपवाद करता येईल का, विचारलं. त्यांनी अगदी मऊ आवाजात नाही म्हटलं. एकासाठी केला की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं, आणि नियम बदलायचा अधिकार समितीला नाही, सभासदांच्या वार्षिक सभेला आहे. तुम्ही लेखी दुरुस्ती सुचवा, असं त्याच म्हणाल्या. मी सुचवली: आजारपणासारख्या कारणाने वर्गणी चुकली तर सहा महिन्यांची सवलत असावी. ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

शेवटी ब्रीडर बाईंना फोन केला आणि जे आहे ते सांगून टाकलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "अर्जात ब्रीडरचा रकाना आहे ना?" आहे, म्हटलं. "तिथे माझं नाव नीट लिही. ते कुणी काढू शकत नाही." तरी मला ते लागलंच. संयुक्त मालकी असेल तर जानेवारीतच दुसऱ्या मालकाला एक फोन करा, वर्गणी भरली का म्हणून. पैशांबद्दल विचारणं अवघड वाटतं, पण डिसेंबरमधला तो दुसरा फोन त्याहून फार अवघड असतो.

अर्ज चार पानांचा. कुत्रीचं नोंदणीतलं पूर्ण नाव, क्रमांक, जन्मतारीख, आई-वडील, ब्रीडर, मालक, पदवी, चारही पासांच्या तारखा आणि ठिकाणं. सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत आणि एक फोटो, ज्यात कुत्रा एकटा हवा, अंगावर कपडा किंवा रिबन नको. वही होती म्हणून तारखा भरायला दहा मिनिटं लागली. फोटोला मात्र पूर्ण रविवार. प्रशस्तिपत्र क्लब मोफत देतो, लाकडी पाटी हवी असेल तर ३५ डॉलर वेगळे. मी दोन पाट्या मागितल्या. नियमांत एकापेक्षा जास्त मागायला बंदी नव्हती, ते मी तीनदा वाचून खात्री केली. ८ जानेवारीला पोचपावतीच्या टपालाने पाठवला, १७ जानेवारीला मिळाल्याचा ईमेल आला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कच्ची यादी आली, दुरुस्तीसाठी पंधरा दिवस. यात आपलं नाव अक्षर न अक्षर तपासा, कारण पुढे तेच धातूवर कोरलं जातं.

एकूण खर्चाचा आकडा सांगते, कारण आधी मला तो कुणीच सांगितला नव्हता. सहा चाचण्यांचे ४८० डॉलर, लावे १९२, बुडालेलं मोटेल ९४, मुक्कामाची इतर मोटेल ३१०, वर्गणी ४०, पाट्या ७०. अकराशे श्याऐंशी, पेट्रोल सोडून, दीड वर्षात.

५ एप्रिलची मेजवानी एका टाऊन हॉलमध्ये होती. पुरस्कारांच्या आधी त्या वर्षात गेलेल्या कुत्र्यांची नावं वाचली. एकेक नाव, वय, आणि मग थोडी शांतता. समोरच्या टेबलावरचे एक उंच, थोराड आजोबा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या हातात गळपट्टा होता.

पणतीच्या नोंदणीतल्या नावात सुरुवातीला ब्रीडरच्या केनेलचं नाव आहे आणि शेवटी 'पणती'. नावं वाचणारे गृहस्थ जेवणाआधी माझ्याकडे आले होते आणि उच्चार विचारून गेले होते. 'ण' त्यांना जमेना, तरी चार-पाचदा म्हणून बघितला. माइकवर त्यांनी तो जवळजवळ बरोबर म्हटला. दुसरी पाटी मी तिथूनच ब्रीडर बाईंच्या घरी घेऊन गेले, दोन तासांचा रस्ता. त्यांनी ती पालथी करून बघितली. मागे मी पेनाने तारीख आणि दोघींची नावं लिहिली होती.

पुढची पायरी सीनियर हंटर. ज्युनियर असेल तर तिथे चार पास लागतात, नसेल तर पाच. सीनियरमध्ये पक्षी खरोखर मारला जातो आणि कुत्र्याने तो उचलून आणायचा असतो. हे मला सोपं गेलं नाही, अजूनही जात नाही. नवरा आणि मी जूनमध्ये एक चाचणी नुसती बघायला गेलो, सबंध दिवस. मारलेले पक्षी लोक घरी नेऊन शिजवतात, काही वाया जात नाही. मी कोंबडी खाते, ती कुठून येते याचा मी इतकी वर्षं विचार केला नव्हता. परतताना आम्ही फारसं बोललो नाही. एकदा करून बघायचं, आणि मला सोसलं नाही तर थांबायचं, असं ऑगस्टमध्ये ठरवलं.

२० सप्टेंबर २०२५ च्या चाचणीची एन्ट्री काल रात्री भरली. साताऱ्यात सकाळ होती, आई चहा घेऊन बसली होती. मी फोनचा कॅमेरा नोंदणी प्रमाणपत्रावर धरला. चष्मा लावून तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी फॉर्मवरच्या आकड्याखाली टिंब देत गेले. शेवटचा आकडा झाल्यावर ती म्हणाली, "आता उलट्या बाजूने वाचू." पुन्हा वाचला. मग मी फॉर्मचा फोटो काढून तिला पाठवला, आणि तिचं उत्तर आलं: स्थळप्रत मिळाली.